आखूड शिंग

सोम या चलनाच्या नव्या नोटा गावात आल्या आणि कालिपाच्या घशाखाली घास उतरेना. जो तो नोटेच्या काठावर बोट ठेवून म्हणत होता, "ही आपल्या उरुकानच्या नमद्याची नक्षी!"

उरुकान ही तिची धाकटी जाऊ. गेल्या वर्षी राजधानीतला एक चित्रकार तिच्याकडे चहाला थांबला आणि जमिनीवर अंथरलेल्या लोकरीच्या नमद्याचा फोटो काढून घेऊन गेला. कालिपाचं घर तिथून पन्नास पावलांवर. मेल्याला पन्नास पावलं चालवलं नाही!

नक्षी मुळात कालिपाची होती. अठरा वर्षांपूर्वी लाल आणि काळा, असे लोकरीचे दोन थर एकावर एक ठेवून मेंढ्याची शिंगं खडूने आखली तिने, सुरी चालवली तिनेच. लालातली शिंगं काळ्यात बसली, काळ्यातली लालात, आणि एका कापणीत दोन घरांचे दोन नमदे झाले. उरुकानने नुसतं शिवलं. पण तिने आपला अंथरला, पाहुण्यांना त्यावर बसवलं. कालिपाचा मात्र पेटीत गेला तो गेलाच.

कापताना सुरी घसरून कोपऱ्यातलं एक शिंग आखूड राहिलं होतं. बायका हसल्या, तेव्हा कालिपा बोलून गेली, "आमच्या धाकटीचा हात! माहेरी काही शिकवलंच नाही हो." नव्या नवरीने थोरल्या जावेला उलट बोलायचं नसतं. उरुकान मान खाली घालून शिवत राहिली. पुढे लग्न असो की पाळणा, कालिपा ते शिंग उकरून काढायचीच.

आज तो चित्रकार नक्षीवालीला चपान, म्हणजे मानाचा मखमली झगा, पांघरवायला आला होता. उरुकानच्या अंगणात तळलेले बोरसोक, साय, चहा. सगळं गाव जमलेलं. कालिपा पेटीतला नमदा काखोटीला मारून आली. आज सोक्षमोक्ष लावायचाच होता.

चित्रकार म्हणाला, "नक्ष्या पुष्कळ पाहिल्या. सगळ्या यंत्रातून काढल्यासारख्या. ही घेतली ती या आखूड शिंगापायी. बँकेचे साहेब म्हणाले, सरळ करा. मी अडून बसलो. यात माणसाचा हात दिसतो. हे शिंग जिने कापलं, तिचाच हा मान. कोण ती?"

"मी!" कालिपाने नमदा उलगडला. "आखणी माझी, सुरी माझी. हा बघा जोडीचा!"

म्हातारी बात्मा खो खो हसली. "अगं बये, शिंग उरुकानने बिघडवलं म्हणून अठरा वर्षं आमचे कान किटवलेस तू. आता नोटेवर आलं, तर तुझं झालं होय?"

अंगणभर हशा पिकला. कालिपाचे कान तापले. खरं काय ते दोघींनाच ठाऊक होतं. जन्मात पहिल्यांदा तिने जावेकडे काकुळतीने पाहिलं.

उरुकानने हातातली किटली खाली ठेवली.

"आमच्या जाऊबाई थोरल्या आहेत," ती शांतपणे म्हणाली. "अठरा वर्षं सांगताहेत. त्या खोटं कशाला बोलतील?"

आणि तिने चपानासाठी खांदे पुढे केले. टाळ्या वाजल्या. कालिपालाही वाजवाव्या लागल्या.