लिव्हरमधला चिटबॉय

बावीस अक्षरं.

उसाला तुरा फुटला की वजन उतरतं.

बजरंगच्या पांढऱ्या शर्टाला एकच खिसा आहे.

कापलेलं लिव्हर पुन्हा वाढतं. कापलेलं नाक वाढत नाही, तरी पुढारी हिंडतातच.

उत्तरेश्वर, वय बावन्न, दोन नातवंडांचा आजा, हुद्दा चिटबॉय.

आता जोडून सांगतो.

चिटबॉय म्हणजे ऊसतोडीची चिठ्ठी कारखान्यातून शेतावर पोचवणारा माणूस. चिठ्ठी आली की टोळी येते, कोयते चालतात. चिठ्ठी त्याच्या खिशात राहिली की ऊस उभा. चेअरमन कितीही मोठा असू दे, कोंबडी कापायची ती चिटबॉयसाठी. उत्तरेश्वरनं पंचवीस हंगाम कोंबड्या खाल्ल्या, बाटल्या रिचवल्या आणि लिव्हर घालवलं. एका हंगामात तर त्यानं सख्ख्या धाकट्या भावाची, बजरंगची, चिठ्ठी चाळीस दिवस खिशात ठेवली. भावाकडं कोंबडी कशी मागायची, या संकोचानं म्हणे. उसाला तुरा आला.

यंदा पुण्याचे डॉक्टर म्हणाले, महिन्याच्या आत कुणी लिव्हरचा तुकडा दिला तर उत्तरेश्वर जगेल. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. जुळला एकटा बजरंग.

उत्तरेश्वरची मुलगी अर्पिता पुण्यात लिव्हरच्या पेशींवरच संशोधन करते. ती कोरं संमतीपत्र घेऊन गावी आली. काकाला एकच विचारायचं होतं: दिलेलं परत उगवणार का? अर्पितानं समजावलं. पेशीत मूळ हुकूम जपून ठेवलेला असतो. त्याची नक्कल चिठ्ठीसारखी बाहेर निघते आणि चिठ्ठीबरहुकूम प्रथिन बनतं. पण मायक्रोआरएनए नावाचे, जेमतेम बावीस अक्षरांचे तुकडे असतात. ते चिठ्ठीला चिकटतात. मग चिठ्ठी नुसती अडते, नाहीतर फाटतेच, आणि प्रथिन कमी बनतं. लिव्हर कापलं की वाढ रोखणारे काही तुकडे घटतात, अडलेल्या चिठ्ठ्या सुटतात. इतरही कारणं पुष्कळ आहेत, पण काही महिन्यांत लिव्हर भरून येतं.

"म्हंजी आत बी चिटबॉय हाय," बजरंग म्हणाला.

"हो काका."

"कोंबडी खातो?"

"नाही. आणि तो नसता तर लिव्हर बेताल वाढलं असतं. त्याचंही काम असतं."

"तुझ्या बापाचं बी व्हतं." बजरंगनं सही केली.

कागद मात्र दिला नाही. घडी करून खिशात घातला. म्हणाला, चाळीस दिवसांनी देतो. अर्पिता म्हणाली, डॉक्टरांनी तीसच दिलेत. बजरंग म्हणाला, ठाऊक आहे.

मग तो मिरवला. पानटपरीवर, एसटी स्टँडवर, तालुक्याला वाशीच्या बाजारात खिसा थोपटत हिंडला. लोक बोलावून चहा पाजू लागले. नवव्या दिवशी पाहुण्यांनी त्याच्यासाठी कोंबडी कापली. उत्तरेश्वर पिवळे डोळे घेऊन ओट्यावर बसायचा. कागद मागायचा नाही. मागायची त्याला सवयच नव्हती. पंचवीस वर्षं लोकच आणून द्यायचे.

बजरंगची बायको नागूबाई एकदाच बोलली. "द्यायचं नसंल तर तसं सांगा. थोरल्या भावजींचं पोट पाण्यानं फुगलंय, अन् तुमचं कोंबडीनं."

बाराव्या दिवशी पांढरा शर्ट दोरीवर वाळत होता. खिशात कागदाचा लगदा. सहीची निळी शाई शर्टावर पसरलेली. बजरंगनं लगदा तळहातावर घेतला. इतके दिवस चिठ्ठी अडलेली होती. आता चिठ्ठीच नव्हती. हा फरक पुतणीनं सांगितला तेव्हा त्याला दोन्ही सारखंच वाटलं होतं.

तो तसाच, मूठ आवळून, भावाच्या ओट्यावर गेला.

"दादा, उठा. पुण्याला जाऊ. सही तिथंच करतो."

"चाळीस झालं व्हय?" उत्तरेश्वरनं विचारलं.

"बारा. हंगाम लवकर धरला."

बजरंगचं लिव्हर चार महिन्यांत जवळपास भरून आलं. उत्तरेश्वरच्या पोटातला तुकडाही वाढतोय. बाटली कायमची बंद आहे.

लग्न झाल्यापासून नागूबाई कपडे भिजवायच्या आधी प्रत्येक खिसा उलटा करून बघते.