थरथर मावेल असं चित्र

तिला सगळे बारीकताई म्हणत. ती बारीक होती म्हणून नव्हे. बाळंतपणानंतर तर सासूबाई येताजाता म्हणायच्या, "हे नाव बदला गं आता कुणीतरी, ऐकणारा फसतो." नाव पडलं होतं तिच्या रेघेवरून. एका सुईनं, केसाएवढ्या बारीक रेघेचा टॅटू काढावा तर तिनंच, असं त्या दुकानात ठरूनच गेलं होतं. मालक स्वतः जाड, काळेभोर वाघसिंह काढायचा. कुणी नाजूक काम मागितलं की तो सरळ पडद्यामागे बोट दाखवायचा. "आत जा. माझ्या हातून फुलपाखराचं वटवाघूळ होतं."

आणि त्याच बारीकताईच्या उजव्या हाताला थरथर सुटली होती.

आधी वाटलं, झोप होत नाही म्हणून असेल. लेक ठमी दीड वर्षाची, तिच्या मनात येईल तेव्हा उठायची. मग तिनं चहा सोडून पाहिला. मग हात उशाखाली घालून निजून पाहिलं. शेवटी कुणाला न सांगता ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी तिला कागदावर एक वेटोळं काढायला लावलं, गोगलगायीच्या पाठीवर असतं तसं. तिनं काढलं. दोघींनीही ते बघितलं, आणि बाईंनी कागद हळूच पालथा ठेवला.

"घरात कुणाला होतं का असं?"

वडिलांच्या हातातली कपबशी तिला ऐकू आली. ते खोलीत यायच्या आधी कपबशी वाजत यायची आणि सगळे हसायचे.

"जिवाला धोका नाही," बाई म्हणाल्या. "पण हे मागे फिरत नाही. गोळीनं थोडं कमी होईल, सुस्ती मात्र येईल. काम काय करता तुम्ही?"

"चित्रं काढते," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते.

घरी गोळी घेऊन सुस्तावायची सोय नव्हती आणि दुकानात खरं सांगायची हिंमत नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तिनं मूठ झाकली. पण झाकल्यावर डोळे जास्तच उघडे राहतात. लेक ठोकळ्यावर ठोकळा ठेवायला लागली की ही श्वास रोखून तिच्या बोटांकडे बघत बसायची. लहान मुलांचा हात हलतोच, हे कॉलेज शिकलेल्या डोक्याला कळत होतं. तरी ठोकळा डगमगला की ही पुढे होऊन मनोरा धरायची. नवरा म्हणायचा, "अगं, मनोरा बांधतेय ती, बाँब नाही."

कामाची रीतही आपोआप बदलली. पूर्वी डिझाइन शोधणं म्हणजे तिची चैन होती. भिंतीवरची वेल, बशीला गेलेला तडा, कुणाच्या मानेवर सुटलेली बट, काहीही बघून ती म्हणायची, हे किती सुंदर दिसेल मनगटावर! आता नजर तीच, प्रश्न वेगळा. हे माझ्या हाताला झेपेल का? थरथर यात मावेल का? ज्यात रेघ मुळातच वेडीवाकडी असते तेवढंच ती शोधायची. पिसं, शेवाळ, धूर, वाळलेलं पान, उसवलेल्या स्वेटरचा धागा. सरळ बाण मागायला आलेल्या पोरीला तिनं बोलता बोलता गवताचं पातं पटवलं. आपल्या आईचं नाव लिहून मागणाऱ्या माणसाला म्हणाली, "नाव कशाला, आईच्या हातची वीण घ्या." तो डोळे पुसत तयार झाला. मालक खूश होता. "बारीकताई, तू हल्ली कवी झालीस!" ती हसली आणि हात टेबलाखाली नेला.

असं निभत गेलं असतं आणखी काही दिवस. पण नणंदेचा निकाल लागला.

नणंद म्हणजे बबडी. तीस ओलांडली तरी घरात बबडीच. नवऱ्याचं घर सोडून ती माहेरी आली, तेव्हापासून ह्यांच्यातच राहत होती. लेकीला न्हाऊ घालायची, सासूबाईंशी भांडायची आणि दोन्ही एकाच दमात करायची. घटस्फोटाचा कागद हातात पडला की पहिला टॅटू वहिनीच्या हातचा, असा दोघींचा करार होता. कागद हातात पडला.

"बोल, काय काढू?" बारीकताईनं आधीच फोनवर पिसं आणि पानं काढून ठेवली होती.

"गोल."

"म्हणजे?"

"गोल गं. वर्तुळ. शाळेत काढायचो ते. मनगटाच्या आतल्या बाजूला, अंगठीएवढं. बाकी काही नको."

बारीक रेघेत वर्तुळाएवढं कठीण काही नाही. पान जरा हललं तरी पानच राहतं, वर्तुळ हललं की बटाटा होतो. तिनं जिवाचं रान केलं. "लोक म्हणतील शून्य काढलंय."

"बरोबरच म्हणतील. हिशेब मिटला."

"त्याला एखादी वेल सोडू या? छान हलकी—"

"वहिनी, मला वेल नको, पक्षी नको, पंख तर अजिबात नकोत. मी कुठे उडून जात नाहीये, तुमच्याच डोक्यावर बसणार आहे. एक गोष्ट आयुष्यात नीट पूर्ण झालेली हवी. सुरुवात केली तिथेच येऊन मिळालेली. बस्स."

खरं बोलता आलं असतं. बबडी समोर बसली होती, मांडीवर लेक होती, दाराला कडी होती. तोंड उघडलंही तिनं. बाहेर आलं ते एवढंच, "बरं, आठवडाभर विचार करू या."

त्या आठवड्यात तिला गोलाशिवाय काही दिसेना. पातेल्याची कड, बादलीचं तोंड, न्हाणीघरातल्या जाळीचं भोक, लेकीचं तोंड रडताना. प्रत्येकात ती एखादी खोड शोधायची. बाटलीचं झाकण एका जागी चेपलेलं होतं, तिनं त्याचा फोटो काढून बबडीला दाखवला. "असा थोडा चेपलेला गोल बघ ना, माणसासारखा वाटतो."

"चेपलेली मीच आहे, गोल नीट काढ," बबडी म्हणाली.

ठरलेल्या दिवशी ती दुकानात लवकर गेली. सरावाच्या रबरी कातडीवर वर्तुळं काढत सुटली. पहिली सगळी वाया गेली. मग करंगळी टेकवून, श्वास सोडता सोडता, छोट्या छोट्या तुकड्यांत एक जमलं. पाठोपाठ आणखी एक. तिला वाटलं, झालं, आज हात देतोय साथ. इथेच ती फसली. रबर बोलत नाही, हसत नाही, त्याच्या आत नाडी उडत नाही.

बबडी खुर्चीत बसली ती बडबड घेऊनच. "दुखलं तर शिव्या देईन, आधीच माफी मागते." बारीकताईनं मनगट पुसलं, निळा छाप उठवला. नेमका, सुबक गोल. बबडीनं मनगट डोळ्यांजवळ नेलं. म्हणाली, "अगदी हाच. हाच हवा होता."

सुई सुरू झाली. पहिला तुकडा उतरला. दुसरा उतरला, पुसल्यावर केसासारखी स्वच्छ रेघ. बारीकताईच्या छातीत काहीतरी सैल झालं, आणि बहुधा त्याच क्षणी हातही सैल झाला. रेघ छापाबाहेर गेली, परत आत आली, परत बाहेर. तिनं सुई उचलली. पुसलं. शाई पुसली गेली, रेघ राहिली.

"काय झालं?"

"काही नाही. ऐक ना, इथून एक पान काढू या का? खूप गोड दिसेल."

बबडीनं मान वळवून आधी मनगट बघितलं. मग वहिनीचा हात. हातमोज्यातली बोटं हवेत उभी होती आणि यंत्र बंद असूनही सुईचं टोक हलत होतं.

"कधीपासून?"

बारीकताईनं यंत्र खाली ठेवलं.

"वहिनी, कधीपासून होतंय हे?"

"बरेच महिने."

"म्हणजे पान, वेल, चेपलेलं झाकण..." बबडीचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मला सांगायचंस. मी गोल दुसऱ्याकडून काढला असता आणि तुला डॉक्टरकडे नेलं असतं. मी परकी होते का?"

"वाटलं जमेल. सकाळी जमलं होतं."

पडदा हलला. मालक उभा होता, किती वेळ ते कळलं नाही. त्यानं मनगट बघितलं, हात बघितला आणि खाली मान घालून हातमोजे काढायला डबा उघडला. "बारीकताई, ऊठ. उरलेलं मी घेतो. जरा जाड करून वाकडेपणा पोटात घालू."

"नको," बबडी म्हणाली. "जाड नको मला. हिलाच पूर्ण करू दे."

"बबडे, नको गं. आणखी बिघडेल."

"बिघडलंय ते बिघडलंय. पण अर्धं घेऊन मी घरी जाणार नाही. अर्धं मला खूप झालं. काढ."

ही माया होती की शिक्षा, ते बारीकताईला कळलं नाही. कदाचित बबडीलाही नसेल. मालकानं बारीकताईच्या मनगटाखाली एक हात टेकू म्हणून धरला, तरी रेघ नाचतच गेली. एके ठिकाणी सुई खोल गेली आणि शाई कातडीखाली पसरली. बबडीनं ना शिवी दिली, ना हसली. शेवटचं टोक पहिल्या टोकाला मिळायला हवं होतं. ते त्याच्या बाजूनं गेलं.

मालकानं पट्टी बांधली. "उद्याची गिऱ्हाइकं मी बघतो," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "परवाचीही. तू... डिझाइनं शोधून देत जा. तुझी नजर चांगली आहे." पैशांचं बोलू म्हणाला, मग बोलला नाही. बाहेर जाताना त्यानं पडदा पूर्ण उघडा ठेवला, जसा रिकाम्या खोलीचा ठेवतात.

बारीकताईनं सुई काढून डब्यात टाकली. खुर्चीवरचं प्लास्टिक सोललं. हातमोजा निघेना, तेव्हा बबडीनं ओढून काढला.

"दादाला तू सांगतेस की मी?"

"मीच सांगेन. आज नको. थोडे दिवस जाऊ दे. ठमीचं बघू दे मला आधी. बाबांचं हे माझ्यात आलं, तिचा हात—"

"ठमीचा हात?" बबडी थबकली. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. बारीकताईला तिच्या चेहऱ्यावर ते उतरताना दिसलं, हळूहळू, आणि तिला वाटलं, आता घरात ठोकळ्यांकडे बघणारे चार डोळे झाले.

बबडीनं फोन काढला, नंबर लावला आणि स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"हं, बोल बबडे!" नवऱ्याचा आवाज आला. मागे लेक कशावर तरी चमचा बडवत होती. "झाला का तुमचा गोल? मस्त ना? वहिनीला म्हणावं, आता माझ्या दंडावरही काढ एक."

दोघी फोनकडे बघत उभ्या राहिल्या.

"हॅलो? अगं, आहात ना?"