आधी देवांचं आवतण

टेबलावर होतं ते असं: पाठ उघडलेला नऊ वर्षांचा एक लॅपटॉप, स्टीलच्या वाटीत त्याचे अकरा स्क्रू, त्यातून काढलेली हार्ड डिस्क, पाकिटातून नुकतीच बाहेर आलेली एसएसडी, माझा स्वतःचा लॅपटॉप, दोन केबली आणि दोन कप चहा. डिस्क आवाज करू लागेपर्यंत यातल्या कशाचीच मला भीती वाटली नव्हती.

काम साधं होतं. देवेश माझा कॉलेजातला मित्र. मानपाड्याला त्यांची स्वतःची चार मजली बिल्डिंग आहे आणि तिच्या गच्चीवरच्या खोलीत, भिंतींना फोम चिकटवून, त्यानं छोटा स्टुडिओ केलाय. रेकॉर्डिंग करताना त्याचा लॅपटॉप मागे पडायचा आणि आवाजात बारीक तडे जायचे. जुन्या डिस्कमध्ये चकती फिरते आणि वाचणारं टोक तिच्यावरून केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरावरून सरकतं. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, म्हणून ती वेगवान. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या एसएसडीवर करायची, ती आत बसवायची आणि ठाकुर्लीला घरी परत, एवढंच ठरवून मी दुपारी आले होते.

प्रत निम्म्याच्या आतच थांबली. मग डिस्कमधून आवाज आला. टक्. थोडी गरगर. पुन्हा टक्.

मी केबल उपटली.

"अगं, म्हातारी झालीय ती. कुरकुर करणारच," देवेश म्हणाला.

मी त्याला विचारलं, या डिस्कवर असं काय आहे जे दुसरीकडे कुठेच नाही. तो हसायचा थांबला. दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या त्याच्या आत्याकडे त्यानं पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आत्याचे धवले."

त्याची आत्या, आवडाबाई, ही धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, म्हणणारी. तिच्या गाण्याशिवाय लग्नाचा एकही विधी पुढे सरकत नाही. देवेशच्या बहिणीच्या, कल्पिताच्या लग्नात त्यानं मंडपात माइक लावून आत्यांचे सतरा धवले रेकॉर्ड केले होते. लग्न नसताना धवले म्हणायचे नाहीत, त्यामुळे तालीम नाही, दुसऱ्यांदा गाणं नाही. त्यानंतर काही महिन्यांत आत्यांच्या घशातली गाठ निघाली आणि तिच्यासोबत डॉक्टरांना स्वरयंत्रही काढावं लागलं. आता त्या गळ्याशी रुमाल धरून नुसते ओठ हलवतात आणि देवेश ते वाचून मोठ्यानं सांगतो. पेनड्राइव्हवर घेऊ, घेऊ म्हणत रेकॉर्डिंग तिथंच राहून गेलं होतं.

डिस्क कधी पडली होती का, मी विचारलं. नाही म्हणाला. पाणी? नाही. मग तो आठवून आठवून बोलू लागला. चुलतभावाच्या, विकीच्या हळदीला ऐनवेळी डीजेचा लॅपटॉप बंद पडला, म्हणून यानं आपला नेला होता.

"आणि ठेवलेलास कुठे?"

"बेसच्या स्पीकरवर. दुसरी जागाच नव्हती ना. पण अख्खी हळद वाजवला गं, काही नाही झालं."

इथल्या हळदीतला बेस मी ऐकलेला आहे. खिडकीची काच थरथरते, छातीत बसतो. त्या खोक्यावर तासन्‌तास फिरणारी चकती आणि तिच्यावर तरंगणारं टोक माझ्या डोळ्यांसमोर आलं. प्रत्येक ठोक्याला टोक चकतीला घासलं असणार. एकदा ओरखडा पडला की त्याची धूळ पुढचे ओरखडे पाडते. ही डिस्क अजून किती वेळ फिरेल ते मला माहीत नव्हतं, आणि ते मोजायचा एकच मार्ग होता, फिरवून बघणं.

मी म्हटलं, आता हात लावायला नको, ठाण्याला डेटा काढून देणाऱ्यांकडे देऊ. आत्यांनी नकारार्थी मान हलवली. धवल्यांतले देव दुकानात द्यायचे नाहीत, असं त्या म्हणतायत, देवेशनं सांगितलं. त्यानं बराच वेळ समजावलं. त्या ऐकेनात. शेवटी तोच मला म्हणाला, तूच कर.

मग देवेशला एकेका धवल्याची लांबी विचारून मी यादी केली. जास्तीत जास्त फाइली वाचवायच्या तर सगळ्यांत लहान आधी आणि सगळ्यांत मोठी शेवटी, हा सरळ हिशोब होता. आत्या उठून माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. स्क्रीनवर बघितलं आणि माझं मनगट धरलं. ओठ हलले.

"पयले देव," देवेशनं वाचलं.

पहिला धवला आवतणाचा असतो. गावोगावच्या देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नावं घेऊन लग्नाला बोलवायचं. ती फाइल सगळ्यांत मोठी होती, अडतीस मिनिटांची. ओरखडा तिच्यातच असला तर बाकीच्या सोळाही हातच्या जातील, हे मी शक्य तितक्या सावकाश सांगितलं. आत्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. माझं मनगट सोडलं नाही.

"देव आल्याबिगर लगीन कुनाचा लावतेस, ती विचारतेय," देवेश म्हणाला.

मी क्रम बदलला आणि केबल जोडली. पिन दोनदा चुकली.

स्क्रीनवरची हिरवी पट्टी हलली. मी पट्टीकडे न बघता ऐकत होते. गरगर एकसारखी असेपर्यंत श्वास चालायचा. टक् झालं की देवेश माझ्याकडे बघायचा आणि मी बघायचं टाळायचे. पट्टी दोन तृतीयांशावर अडकली. टक्, टक्, टक्. प्रोग्रॅम न वाचता येणारा तुकडा सोडून पुढे गेला आणि फाइल संपली. दुसरी सुरू झाली. पत्र्यावर खडा ओढावा तसा एक लांब आवाज आला, मग काहीच नाही. मी केबल काढून पुन्हा लावली. लॅपटॉपला आता ती डिस्क दिसतच नव्हती.

सतरापैकी एक फाइल एसएसडीवर उतरली होती.

देवेश जमिनीवर बसला. आत्यांनी स्पीकरकडे बोट दाखवलं. फाइल चालू होईल याचीही मला खात्री नव्हती. ती चालू झाली. मंडपातला गलबला, मग त्यांचा आवाज, पहिलं नाव. आत्या उभ्याच होत्या, त्यांचे ओठ आवाजाबरोबर चालले होते. सव्विसाव्या मिनिटाला आवाज गेला. ओठ थांबले नाहीत.

शांतता अकरा सेकंदांची होती. आवाज परत आला तेव्हा आत्यांचे ओठ आणि रेकॉर्डिंग एकाच नावावर होते.