अगदी पायाशी

"नीरूला मागून हाक मारून बघ गं एकदा," सासूबाई म्हणाल्या होत्या, तेव्हाही प्रतिभाच्या हातात हेच झाकण होतं, स्टीलचं, काठाला पोचा आलेलं. ती हसली होती. "आई, ती तुमच्या राकेशवर गेलीय. ऐकते सगळं, ओ देत नाही." सासूबाईही हसल्या, मग गावी गेल्या, आणि ते बोलणं मांडणीवर कुठंतरी पालथं पडून राहिलं...

आज ते उलटलं, ते लॅपटॉपवरच्या आलेखामुळं. तिचं काम जनावरं मोजायचं: पेठच्या बाजूच्या जंगलात आखलेल्या सरळ वाटांवरून चालायचं. ससा, मोर, भेकर दिसलं की वाटेपासून किती लांब होतं ते टिपायचं. नीरू पोटात राहीपर्यंत ती स्वतः चालली होती, आता घरी बसून आकडे लावते. लांबचं कमी दिसतं, त्याचं काही नाही. अंतरागणिक दिसणं कसं उतरत जातं त्यावरून निसटलेल्यांचा अंदाज बांधता येतो. अट एकच — वाटेवर, अगदी पायाशी जे आहे ते दिसलंच पाहिजे. तेच सुटलं तर अख्ख्या जंगलाचा अंदाज कोसळतो. आणि आलेखात पायाजवळचा खांबच बुटका होता. या मोजणीचे प्रमुख सर सकाळी फोनवर म्हणाले, "एक तर जनावरं चाहूल लागून आधीच सरकली, नाहीतर तुम्ही मंडळी दुर्बिणी लावून लांबच बघत होतात."

लांबच. कॉलनीत बिबट्या शिरल्याची बातमी, गल्लीतून भरधाव जाणारे टेम्पो, खिडक्यांच्या जाळ्या, उकळलेलं पाणी — आई झाल्यापासून तिची दुर्बीण डोळ्यांवरून उतरलीच नव्हती. आणि इथं, चटईवर, पाठमोरी नीरू डब्यात कपड्यांचे चिमटे टाकतेय... मी आले की वळते की. नेहमी वळते. पण मी येते तेव्हा माझ्याआधी माझी सावली येते, दारातली सैल फरशी हलते. हाकेला वळते, की चाहुलीला?

प्रतिभा उठली, ते झाकण आणि एक चमचा घेतला. सैल फरशी टाळून, सावली पडणार नाही अशा बाजूनं दारात उभी राहिली आणि झाकणावर चमचा आपटला. गॅलरीतली कबुतरं उडाली. नीरूनं चिमटा डब्यात टाकला. पुन्हा आपटला. मग हळूच, स्वतःलाच ऐकू येईल इतकं — "नीरू..."

तिनं राकेशला फोन लावला, तो पिंपळगावला माल भरायच्या पॅकहाउसमध्ये होता. मागं क्रेट आदळत होते. "अगं, खेळात गुंग असेल. तू पण ना, काहीतरी शोधत बसतेस."

"असेल. तरी उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ."

मग तो म्हणाला, "आई म्हणाली होती ना गं?"

"हो."

ती वळसा घालून नीरूच्या समोर जाऊन बसली. नीरूनं वर पाहिलं आणि सगळा चेहरा उजळून हसली — मी इतके दिवस हेच हसू मोजत आले, समोरून. उद्या काय निघेल, कुणास ठाऊक. कदाचित काहीच नाही. पण आलेखातला तो बुटका खांब तिनं सकाळी खोडून टाकायचं ठरवलं होतं, ते आता तिच्यानं होणार नव्हतं. नीरूनं पुढं केलेला चिमटा तिनं घेतला, आणि बोट नुसतं त्या इवल्याशा कानाच्या पाळीवरून फिरवलं.

तुमच्या घरीही असं कुणी पायाशी खेळत असेल, तर त्याच्या मागं जा. सावली पडू देऊ नका. आणि एकदा हाक मारून बघा.