उतरण्याआधीचं बोलणं

रादिवोयनं विमान डावीकडे वळवलं, तशी पंखाखाली तिसा नदी आली आणि सूर्यफुलांच्या रानापलीकडे गवताची धावपट्टी दिसू लागली. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनं, स्मिल्यानं, कमरेचा पट्टा घट्ट केला, सैल केला, पुन्हा घट्ट केला. बोलायचं तर आत्ताच.

घरी तिनं वसंत ऋतूपासून कितीदा विषय काढला होता. प्रत्येक वेळी रादिवोयला विमानं ठेवायच्या हँगरमधलं काहीतरी काम आठवे आणि तो किल्ल्या उचलून निघून जाई. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. म्हणून आज तीच म्हणाली होती, मलाही वर घेऊन चल. विमानातून उठून जाणार कुठे? पण वर गेल्यावर तिची जीभच उचलेना. सगळा वेळ ती ढगांबद्दल बोलत राहिली.

"रादिवोय, मी नोवी सादला घर घेतलंय. भाड्यानं. माझ्या एकटीसाठी."

त्याचा हात चाकं खाली सोडायच्या दांड्याकडे निघाला होता. तो वाटेतच थांबला आणि गुडघ्यावर येऊन पडला.

"ऐकलंस का?"

"ऐकलं."

"मग बोल की काहीतरी!"

"आधी उतरू दे."

इंजिनाचा आवाज मंदावला आणि एक भोंगा वाजू लागला. उतरताना वाजतच असेल, असं तिला वाटलं. भोंग्याच्या वर आवाज काढत ती म्हणाली, "उतरलास की तू पुन्हा काहीच बोलायचा नाहीस!"

जमीन नेहमीपेक्षा फार जवळ आली. मग पत्रा खरवडल्याचा कर्कश आवाज झाला, पुढचा पंखा ढेकळांवर आपटला, आणि विमान पोटावर घसरत तिरकं होऊन थांबलं.

"बाहेर पड! पळ!" रादिवोयनं तिला दंडाला धरून ओढलं.

आग लागली नाही. उड्डाण क्लबातला त्याचा सहकारी चेडा आग विझवायचं नळकांडं घेऊन धापा टाकत आला.

"काय रे, बदकासारखा पोटावर बसलास? चाकं घरी ठेवून आलास की काय?" म्हणता म्हणता त्याचं लक्ष स्मिल्याकडे गेलं आणि त्याचा आवाज उतरला. "लागलं नाही ना, वहिनी?"

तिनं नकारार्थी मान हलवली. तिला बसवेना. क्लबाबाहेरच्या बाकापासून कुंपणापर्यंत ती येरझारा घालत राहिली. निम्म्या जिल्ह्याला विमान उडवायला शिकवणारा माणूस वाकलेल्या पंख्यापाशी उकिडवा बसला होता, आणि तिच्या डोळ्यांपुढून तो वाटेत थांबलेला हात हलत नव्हता.

दुपारी शहरातून चौकशीचा अधिकारी आला. तरणाच होता, नाक उन्हानं सोललेलं. बाकावर बसलेल्या दोघांसमोर खुर्ची ओढून बसला.

"चाकं वरच असल्याचा भोंगा वाजला होता?"

"वाजला," रादिवोय म्हणाला.

"मग?"

"कानात शिरला, डोक्यात नाही."

"लक्ष कशानं उडालं? आत काही बोलणं चाललं होतं?"

"नाही. आमची ही वर गेली की गप्पच असते. चूक माझी एकट्याची."

तो पँटला चिकटलेलं गवत एकेक काढत होता. तो आपल्याला पाठीशी घालतोय, हे स्मिल्याला कळलं. पण त्याबरोबरच आणखी एक गोष्ट कळली. ती गप्प होती असं एकदा ठरलं, की वर ती बोललीच नव्हती. संध्याकाळी घरी जायचं, सूप गरम करायचं, जणू काही झालंच नाही.

"मी गप्प नव्हते, साहेब," ती म्हणाली. "ह्याचा हात दांड्याकडे चालला होता. नेमकं तेव्हाच मी सांगितलं, की मी ह्याला सोडून जातेय."

दारात उभा असलेला चेडा खाली मान घालून आत गेला. अधिकाऱ्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, घसा खाकरला आणि मोडलेलं विमान पाहायला म्हणून उठला.

रादिवोयनं पँटवरची गवताची शेवटची काडी काढली.

"कधी?" रादिवोयनं विचारलं.

"शनिवारी."

"कितवा मजला?"

"तिसरा. लिफ्ट नाही."

त्यानं हातातलं गवत खाली टाकलं.

"मग तुझं ते जड शिलाई मशीन तुला एकटीला नाही चढवता यायचं," तो म्हणाला.