नामा परमनंट झाल्याबद्दल

“गळ्यातलं कार्ड काढ,” सुपरवायझर प्रितेश म्हणाला.

“सायेब, काल तुम्हीच बोललात, नाव वर पाठवलंय.”

“पाठवलं होतं रे. पण हे काय करून ठेवलंस?”

त्याने गोडाऊनच्या गेटबाहेर बोट दाखवलं. वडप्याच्या नाक्यावर भलामोठा बॅनर फडफडत होता. त्यात नामा गॉगल लावून, हात जोडून हसत होता. ‘दिघाशीचे सुपुत्र नामाशेठ परमनंट झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुकाचा, म्हणजे दोस्त भूपेशचा, नामाहून मोठा फोटो.

परमनंट हा शब्द दिघाशीत पहिल्यांदा आणला बाळारामकाकांनी, एसटीत कंडक्टर लागले तेव्हा. त्याआधी माणसं नुसती कामाला जायची. काकांनंतर माणसांचे प्रकार पडले. परमनंट म्हणजे ज्याला लग्नात पुढची खुर्ची, ज्याला मुलगी दाखवतात, ज्याचा खोकला साहेबाला ऐकू येतो. बाकीच्यांनी ठेकेदाराकडे खोकायचं. नामा गोडाऊनमध्ये खोकी उचलता उचलता चाळिशीला टेकला. मधूनमधून त्याला ‘ब्रेक’ मिळायचा, म्हणजे काही दिवस घरी बसवायचे, आणि परत घेतला की तो पुन्हा कोराकरकरीत नवा कामगार! वज्रेश्वरीच्या चांगदेवमामांनी तर तोंडावर सांगितलं होतं, “परमनंट झालास का ये. आमची रुचिका तुझीच.”

सकाळी शिफ्टला आलेले हमाल बॅनर वाचून थेट ऑफिसात घुसले. “नामा को किया, तो हमको भी करो!” माल जागच्या जागी, ट्रकांची रांग हायवेपर्यंत. मोठ्या साहेबांनी फोनवरच निकाल लावला: कुणीच परमनंट नाही, आणि तो बॅनरवाला तर आजपासूनच नको.

नामा कार्ड काढतोय तोच रिक्षातून चांगदेवमामा उतरले, पेढे घेऊन. बसमधून जाताना बॅनर दिसला होता.

“जावईबापू! तोंड उघडा!”

“मामा, मला काढलाय.”

मामांनी बॅनरकडे पाहिलं, मग नामाकडे. “आरं, पन छापलंय ना!”

“भूपेशनं छापलंय.”

मामांनी पुडा पिशवीत परत ठेवला. एक पेढा मात्र आधीच हातात काढलेला होता. तो त्यांनी प्रितेशला दिला. प्रितेशने खाल्ला.

“टेन्शन नको घेऊ,” संध्याकाळी भूपेश म्हणाला. “पुढच्या टायमाला छोटा लावू.”

बॅनर उतरवून आक्काने, नामाच्या आईने, गळक्या गोठ्यावर बांधला, छापील बाजू आत करून. आता नामा धार काढायला बसला की वरून गॉगल लावलेला एक माणूस हात जोडून म्हशीकडे बघून हसत असतो. नामा मान वर करत नाही.