भुलीआधीचा चहा

हसनाबादच्या भुजंगरावांना टेबलावर झोपवलं तेव्हा खोलीतला गारवा थेट हाडांत शिरला. पित्ताशयातले खडे दुर्बिणीनं काढायचे होते, त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागणार होती. भूल देणाऱ्या डॉक्टर गंधालीबाईंनी त्यांच्या छातीवर चकत्या चिकटवल्या, दंडाला पट्टा गुंडाळला, बोटाला चिमटा लावला. पडद्यावर हिरवी रेघ धावू लागली आणि ठोक्याठोक्याला टुक-टुक आवाज येऊ लागला.

"काका, रात्रीपासून काही खाल्लं-प्यालं?"

"न्हाई."

टुकटुक एकदम वाढली. बाईंनी पडद्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. "भीती वाटतेय?"

"भीती कशाची? ह्या वयात मला काय लग्नाला उभं राह्यचंय?"

नर्स हसली. गंधालीबाई हसल्या नाहीत. त्यांच्या हातातल्या सिरिंजमध्ये पांढरंशुभ्र औषध होतं.

"या औषधानं सगळं झोपतं, घसासुद्धा. पोटात काही असलं तर ते वर येऊन फुप्फुसात उतरतं. मशीनवर कळेपर्यंत उशीर होतो. म्हणून विचारते."

भुजंगराव छताकडं बघत राहिले. बायको गेल्यापासून घरात ते एकटेच. सही करायला कुणीतरी माणूस लागतं म्हणून भावकीतल्या संपतला दोनदा विनवून भोकरदनच्या या दवाखान्यात आणलं होतं. ऑपरेशन पुढं गेलं तर तो थांबणार नव्हता. आणि पहाटे शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या बायकोनं, द्वारकाबाईनं, थर्मासमधला चहा पुढं केला होता. "घ्या की भाऊ, एकल्यानं काय बसून राह्यले?" इतक्या आपलेपणानं पुढं केलेला कप परत लोटणं त्यांना जमलं नव्हतं.

"चहा घेतला, मॅडम," ते म्हणाले. "दुधाचा. कपभर."

सर्जन मास्कआड काहीतरी पुटपुटले. गंधालीबाईंनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. "दुपार टळल्यावर घेऊ."

बाहेर संपत उखडला. "तात्या, एक दिवस चहा न्हाई घेतला तर काय मरून चाल्लते का? कापूस वेचायला बाया सांगून आल्तो मी. सही केलीय, मंग आता माझं काय काम?" त्यानं पिशवी उचलली आणि तो जीपच्या थांब्याकडं निघाला. द्वारकाबाईच्या नवऱ्यालाही तोवर घरी सोडलं होतं. शेजारच्या खाटेवर नवी चादर पडली होती.

ऊन कललं तेव्हा भुजंगराव पुन्हा टेबलावर आले.

"बाहेर कोण आहे तुमचं?" गंधालीबाईंनी विचारलं.

"कुणी न्हाई."

बाईंनी स्टूल उशाशी ओढलं. "जाग येईपर्यंत मी इथंच असते, तुमच्या डोक्याशी."

"तुम्हाला तर बसावंच लागतं."

"हो," त्या म्हणाल्या. "बसावंच लागतं."

औषध हातातून जळजळत वर चढलं. भुजंगरावांनी मान वळवून त्यांचे डोळे शोधले. ते डोळे पडद्यावर होते.

"असू द्या, बसलंय तर कुणीतरी," ते म्हणाले. पुढचं बोलायला जीभ वळली नाही.